जब्बारभाऊचा दोन

आमच्या गावातल्या कोणाचाही आवाज मी काढून दाखवतो. हेडमास्तरचा, कंडक्टरचा, पंचायतीच्या भोंग्याचा, त्यातल्या खरखरीसकट. गाभण म्हशीचा अन् साध्या म्हशीचा वेगळा काढतो. फक्त एक माणूस मले अजून पुरा जमला नाई. जब्बारभाऊ. त्यायचा 'एक वार' मी असा काढतो की लोक दचकून मागं पाहतात. 'तीन वार' बी जमते. पण मधातला 'दोन' आला की माझा श्वास संपते, अन् जब्बारभाऊचा दोन तेव्हा कुठी सुरू झालेला असते.

जब्बारभाऊ म्हणजे आमच्या लाकूड डेपोतले बोली पुकारणारे. एटापल्लीकडच्या जंगलातून सागवानाचे ट्रक येत, डेपोत लाकडाचे थप्पे लागत, अन् लिलावाच्या दिवशी कुठचे कुठचे व्यापारी जीपा घेऊन हजर होत. साहेब खुर्चीवर बसून कागदं उडू नये म्हणून त्यावर दगडं ठेवत. बाकी सारा लिलाव जब्बारभाऊच्या गळ्यावर. अंगात खाकी कोट, खांद्यावर पांढरा दुपट्टा, हातात मूठवाली पितळी घंटी. घंटी वाजली की चहावाला बी किटली खाली ठेवे.

"थप्पा पुकारतो, आयकाऽऽ! सागवान आहे, माल सरळ आहे! पन वरून दुसरं लाकूड आतून पोकळ आहे, अन् खालच्याले चीर आहे! मंग घरी नेऊन बोंबलजा नोका का जब्बारनं सांगतलं नाई!"

माल विकायच्या आधी मालाची बदनामी करणारा असा माणूस मी दुसरा पाह्यला नाई. साहेब लोक हळूच म्हणायचे, "जब्बार, जरा कमी सांग." तर ते म्हणायचे, "साहेब, लाकूड तर बोलत नाई. कोनीतरी सांगाले पाहिजे ना."

मंग बोली चढायची. व्यापारी तोंडानं बोलत नसत. एक जण कान ओढे, एक जण मिशी पिळे, सिरोंच्याकडचा एक रेड्डी होता तो नुस्ती टोपी सरकवे. जब्बारभाऊले कोणाची कोणती खूण ते पाठ. शेवटची बोली लागली की घंटी वाजवून "एक वार!" म्हणायचे. फटकन. अन् मंग "दोओओओन" सुरू व्हायचा. तो दोन डेपोच्या फाटकापासून निघे, साऱ्या थप्प्यायवरून फिरे, नाल्यापर्यंत जाऊन परत येई. त्या वेळात जब्बारभाऊ एकेका माणसाच्या डोळ्यात पाहून घेत. सारे डोळे पाहून झाले की मंगच "तीन वार!" अन् दोन चालू असताना बोली लावणारा सोडून कोणी बोलायचं नाई, हा डेपोचा कायदा. साहेबाले बी खोकला आला तर दाबून धरत.

मी एकदा इचारलं, "भाऊ, दोन एवढा लांब काऊन?"

"एक हे आयकाले राह्यते," ते म्हणाले. "तीन म्हणजे झालं, उठा आता. मानसाले इचार कराची जागा दोनमधातच आहे बे. ते कमी करून कसं चालन?"

ह्या जागेनं आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरले वाचवलं होतं. मास्तर डेपोत चित्र काढाले गेले, लाकडाच्या थप्प्याचं. नेमके व्यापाऱ्यायच्या रांगेत उभे राह्यले. नाकावर बसला मच्छर. मास्तरनं नाक खाजवलं, तर जब्बारभाऊनं बोली धरली. मच्छर उठला अन् परत बसला. मास्तरनं परत खाजवलं. स्वतःच्याच वर बोली चढवली! ट्रकभर सागवान मास्तरच्या नावावर पडाले आलं. जब्बारभाऊच्या ध्यानात आलं, पण लागलेली बोली पुकारणाऱ्याले मोडता येत नाई. मंग त्यायनं दोन लावला. अन् असा लावला की चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, मानेच्या शिरा वर आल्या, पण डोळे त्या मिशीवाल्या व्यापाऱ्यावरून हलले नाईत. पाह्यलं, पाह्यलं, पाह्यलं. शेवटी तो व्यापारी घाबरून गेला, म्हातारा इथंच मरते म्हणून, अन् त्यानं मिशी पिळली. मास्तर सुटले. त्या दिवसापासून मास्तर नाक खाजवायच्या आधी चारी बाजूनं पाहतात.

घरी बी तेच. बाहेरून आले की ओसरीत बसून आवाज द्यायचे, "चाय! एक वार!" आतून रझिया चाची वरडायची, "अय्यो, ऐकू आलं! बहिरी हाय का मी?" चाची सिरोंच्याची. तिच्या बोलण्यात तेलुगू, मराठी अन् उर्दू एकाच गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजायचं. "दोओओन" चालू असतानाच ती चहा आणून समोर आदळे. तीनपर्यंत चहा नाई आला तर जब्बारभाऊ उठून स्वतः मांडत, अन् तिले बी देत. तिसरा पुकारा वाया जाऊ द्यायचा नाई, एवढंच.

आता घंटीची गोष्ट. त्या घंटीच्या काठाले एक पोचा होता, मोहाच्या फुलाएवढा अन् तसाच गोलसर. एका लिलावात दोन व्यापारी बोलीवरून भिडले. एकानं, त्याच मिशीवाल्यानं, रागात सुपारीचा अडकित्ता फेकला. तो सरळ साहेबाच्या डोक्यावर चालला होता. जब्बारभाऊनं घंटी मधात धरली. टण्णकन आवाज झाला. अन् जब्बारभाऊ त्याच सुरात म्हणाले, "अडकित्त्याची बोली मंजूर नाईऽऽ! पैशात बोला!"

ते रिटायर झाले तेव्हा साहेबानं घंटी त्यायच्या हातात देली. "ठेव आठवण म्हणून." जब्बारभाऊनं परत टेबलावर ठेवली. "सरकारी वस्तू आहे साहेब. लिलावात काढा. बोलीनं घेईन." साहेबानं डोक्याले हात लावला. त्याच डोक्याले, जे घंटीनं वाचवलं होतं. पुढं डेपोत बंद पाकिटातले टेंडर सुरू झाले, पुकारा बंद झाला, अन् घंटी भंगाराच्या ढिगात गेली. ढिगाचा लिलाव झाला तेव्हा जब्बारभाऊ साळ्याच्या पोरीच्या लग्नाले सिरोंच्यात बिर्याणीच्या देगीजवळ उभे होते. परत आले तर ढीग बी नाई, घंटी बी नाई. चाची म्हणे, "फुकट भेटत होती तर बोली पाहिजे होती ह्यायले! आता घ्या बोली, चाटा."

तेव्हापासून जब्बारभाऊ ओसरीत बसले की उजवा हात मनगटापासून असा हलायचा. रिकामाच.

त्याच दिवसात बसस्टँडच्या मागं पिंट्यानं कंपूटरचं दुकान टाकलं. तीन मशिनी, एक पंखा, अन् भिंतीवर 'आत चप्पल घालू नये'. मी तिथी पडीक राहायचो. एक दिवस मी जब्बारभाऊले सांगतलं, "भाऊ, आता कंपूटरवर लिलाव होऊन राह्यला. जुन्या वस्तूंचा. देशभरातले लोक बोली लावतात."

"पुकारते कोन?"

"कोनीच नाई."

"मंग तो लिलाव कसा झाला बे? बाजार म्हन."

दुसऱ्या दिवशी खाकी कोट घालून, चप्पल बाहेर काढून हजर. पिंट्यानं पान उघडून दाखवलं. जुने नाणे, काडेपेटीचे छाप, घड्याळी, कंदील. खाली बोली, अन् बोली लावणाऱ्याचं नाव, तेही धड नाई. आर, मंग तीन चांदण्या, मंग आठ.

"हा मानूस कोन?"

"नाव लपवते जी साइट."

"याचं नाक कुठी आहे?"

"नाक नाई राहत भाऊ."

जब्बारभाऊनं चष्मा पुसून परत पाह्यलं. "ज्याले थोबाडच नाई, त्याच्या डोळ्यात पाहाचं कसं?"

तरी त्यायले चस्का लागला. रोज येऊन बसत, जसे लोक क्रिकेट पाहाले बसतात. अन् शिव्या देत. "हे पाय, 'उत्तम स्थिती' म्हनते. पाठीमागून काऊन नाई दाखवत? पोकळ असन लेकाचा!" मंग म्हणाले, आपण बी काही विकू, काम शिकून होते. घरात जुनं म्हणजे चाचीचा रेडिओ. तिच्या बापानं लग्नात देलेला, लाकडी डब्ब्याचा. त्यावर फक्त तेलुगू लागे, अन् तेलुगू फक्त चाचीले समजे. चाचीनं लय आदळआपट केली, पण जब्बारभाऊनं समोर नवा ट्रान्झिस्टर ठेवला तेव्हा म्हणाली, "घेऊन जा. पण पस्तावान."

वर्णन त्यायनंच सांगतलं, पिंट्यानं टाइप केलं. 'रेडिओ चालू आहे. मराठी लागत नाई. डाव्या बाजूले झुरळायनं घर केलं होतं, आता नाई. मागचा पत्रा आमचा आहे, कंपनीचा नाई. मारल्याशिवाय सुरू होत नाई.' पिंट्या म्हणे, "भाऊ, कुत्रं बी घेणार नाई." पण पुण्यातल्या एका माणसानं घेतला. त्याले वाटलं असन, एवढं खरं बोलते म्हणजे माल सोन्याचा असन.

आता पाठवायचा. खोक्यात पाठवणं जब्बारभाऊले पटेना. "कागदाच्या डब्ब्यात? लग्नातली वस्तू?" अंगणात सागवानाच्या जुन्या फळ्या होत्या. त्यायनं दोन दिवस रंधा मारून पेटी बनवली. काय पेटी होती! कोपरे असे बसवले की पाणी भरलं असतं तरी गळलं नसतं. मालापेक्षा पेटी भारी. चंद्रपूरले जाणाऱ्या टेंपोत घालून देली. अन् टेंपो जंगल नाक्यावर अडकला.

तुमच्याकडं नसन, पण आमच्याकडं सागवानाची काडी बी नाक्यावरून न्यायची तर पास लागते. तीस वर्षं डेपोत काढलेल्या माणसानं सागवानाची पेटी बिनापासची पाठवली! नाक्यावरचा गार्ड नवा पोट्टा होता. त्यानं पंचनामा केला, पेटी जप्त.

जब्बारभाऊ नाक्यावर गेले, मी बी मागं गेलो. मले वाटलं आता ओळख सांगतील. गार्ड म्हणाला, "बाबा, नियम आहे जी."

"कोनता?"

गार्डनं धडाधड म्हणून दाखवला. जब्बारभाऊनं मधात एक शब्द सुधरवला. मंग त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! बराबर पकडलं. मलेबी सोडू नोको." दंड भरला, रेडिओ काखेत मारला अन् निघाले. पेटी डेपोत जमा झाली. जप्तीच्या मालात. जाताना मले म्हणतात, "पोट्टा चांगला आहे बे. पन पेटीचं कौतुक नाई केलं त्यानं."

चाचीनं दारातच रेडिओ ओढून घेतला, दोन थापडा मारल्या, अन् लागलं तेलुगू. नवा ट्रान्झिस्टर बी तिचा, रेडिओ बी तिचा. ती लिलावाची चाहती झाली. "अजून काय इकता? सांगा."

पुण्याच्या माणसाचे पैसे वापस केले, तरी त्यानं जब्बारभाऊच्या नावापुढं लाल शेरा मारला. इंग्रजीत. पिंट्यानं अर्थ सांगतला, "फसवा विक्रेता, म्हणते." जब्बारभाऊचा चेहरा उतरला. साऱ्या जिंदगीत कोणी असं म्हटलं नव्हतं. उत्तर लिहायले सांगतलं, जंगल कायद्यापासून सुरुवात करून. उत्तराचा डब्बा भरला, अन् कायदा अजून नाक्यापर्यंत बी पोचला नव्हता.

तरी रोजचं येणं सुटलं नाई. अन् एक दिवस, उन्हाळ्यातली दुपार होती, पिंट्यानं सहज पितळी घंट्या काढून दाखवल्या. पानभर घंट्या. जब्बारभाऊ एक एक पाहून राह्यले होते. "हे देवळाची. हे बैलाची. हे सायकलची..." अन् बोट काचेवर टेकवलं.

मूठवाली घंटी. काठाले पोचा, मोहाच्या फुलाएवढा. खाली लिहिलेलं, 'इंग्रजी काळातली जंगल खात्याची दुर्मिळ घंटी, एकच नग.' विकणारा कुठचा तरी उत्तरेकडचा.

"पिंट्या," जब्बारभाऊ म्हणाले, अन् आवाज असा बारीक की मले ओळखू नाई आला. "हे आपली आहे ना बे?"

बोली लावली. दुसऱ्या दिवशी कोणी तरी वर चढला. आर, तीन चांदण्या, आठ. तोच! जब्बारभाऊ अजून चढले. आठ नंबरवाला अजून चढला. आठवडाभर हेच. जब्बारभाऊनं त्याले इतक्या शिव्या घातल्या की मले त्याची नक्कल करता येऊ लागली, न पाहता. नाकात बोलणारा, तुपाचा भात खाणारा, बायकोले भिणारा. चाचीनं आपल्या शेळीचे दोन पिल्लं विकून पैसे हातात ठेवले. "आणा ती सवत," म्हणाली. "तुमचा हात तरी हलायचा थांबन."

लिलाव संपणार होता मंगळवारी दुपारी. अन् दुपारी आमच्याकडं लाईन जाते. वीज आमच्याच भागात तयार होते, पण आमच्याकडं थांबत नाई. पिंट्यानं ट्रॅक्टरची बॅटरी आणली, इन्व्हर्टर आणला, उदबत्ती लावली. सारा बसस्टँड दुकानात. ड्रॉइंगचे मास्तर बी आले, हात मागं बांधून. जब्बारभाऊनं कोट घातला, दुपट्टा घेतला, अन् पिंट्याले सांगतलं, "मी बोट वर केलं का तू बोली चढवजो. बोट नाई तर हात लावजो नोको. अन् पुकारा मी करीन."

"भाऊ, इथी पुकारा राहत नाई ना जी."

"तिथी नसन. माझ्याकडं राह्यते."

लाईन गेलीच नाई! महिन्याभरात पहिल्यांदा. पंखा फिरून राह्यला, मशीन चालून राह्यली, सारं झकास. आठ नंबरवाला चढला, जब्बारभाऊचं बोट वर, पिंट्यानं चढवलं. परत चढला, परत बोट. मंग तिकडून सारं गप. कोपऱ्यात वेळ उलटा पळत होता. शेवटचा मिनिट. वर जब्बारभाऊची बोली.

जब्बारभाऊ उभे झाले. रिकामा हात हलवला. "एक वार!"

बाहेर रिक्षावाल्यायनं बी माना वळवल्या. किती वर्षानं आयकला होता तो आवाज.

"दोओओओओ..."

अन् पाहायले डोळेच नव्हते समोर. काच होती नुस्ती. म्हणून त्यायनं स्वतःचे मिटले. दोन दुकानातून निघाला, बसस्टँडवरून गेला, मले वाटते डेपोच्या फाटकापर्यंत पोचला असन. तेवढ्यात काचेवर आकडा बदलला. आठ नंबरवाला. दहा रुपयानं वर.

"भाऊ!" पिंट्या वरडला. "भाऊ, चढवू का? भाऊ!"

जब्बारभाऊनं हाताचा पंजा दाखवला. गप. दोन चालू आहे. दोन चालू असताना बोलायचं नाई, हा कायदा. पिंट्याचं बोट माउसवरच होतं, पण जब्बारभाऊचं बोट वर झालं नव्हतं, पंजा झाला होता. मास्तरनं तर बिचाऱ्यानं नाक खाजवायले सुरुवात केली, दोन्ही हातानं, कोणीतरी बोली धरावी म्हणून. पण डोळे मिटलेले.

"...ओओन वार! तीऽऽन वार!"

डोळे उघडले. चेहरा असा, जसा डेपोत असायचा. "झालं ना?" म्हणाले. "आली ना आपल्याकडं?"

पिंट्यानं खुर्ची सरकवली, म्हणजे त्यायनं स्वतः वाचावं. इंग्रजी येत नव्हती, पण लाल रंग समजला. मंग हळूच म्हणाले, "पन माझा दोन व्हाचा होता ना अजून." अन् चप्पल घालून निघून गेले. दुपट्टा खुर्चीवरच राह्यला.

त्यानंतर गावात एक अजीब गोष्ट झाली. जब्बारभाऊ चूप झाले. घरी येत, बसत, चहा मागत नसत. चाची स्वतःहून आणून देई, ते पिऊन घेत. आठवड्यानं चाची पिंट्याच्या दुकानात आली, चप्पल घालून, सरळ आत. "ए रा, तुमच्या ह्या डब्ब्यानं माझ्या माणसाचा गळा खाल्ला. चहा ठेवायचा का नाई ते बी समजत नाई मले. बाहेर काढा तो गळा." मी गंमत म्हणून जब्बारभाऊच्या आवाजात "चाय, एक वार!" म्हटलं. चाचीनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी दोनकडं गेलोच नाई.

गळा डब्ब्यानंच वापस देला. एक दिवस पिंट्या पळत आला. मी जब्बारभाऊच्या ओसरीत बसलो होतो. "भाऊ, चला! घंटी परत आली!"

खरंच. तोच फोटो. तोच पोचा. 'एकच नग.' पिंट्यानं खाली सरकवलं तर अजून एक. तोच पोचा. 'एकच नग.' अजून खाली अजून एक. पिंट्यानं विकणाऱ्याले इचारलं, तुमच्याकडं अशा किती आहेत? उत्तर आलं, शंभर पाहिजे का दोनशे? जुनी दिसन अशी पॉलिश करून देतो.

म्हणजे कुठच्यातरी कारखान्यात आपली असली घंटी बसली होती, अन् तिच्यावरून साचा पाडून पाडून घंट्या निघून राह्यल्या होत्या. पोच्यासकट!

मले वाटलं, आता हा माणूस रडते. जब्बारभाऊनं काचेवर बोट ठेवून एक एक पोचा मोजला. अन् पोट हलाले लागलं. हसणं दुकानाबाहेर गेलं. "अबे, माझ्या घंटीले पोट्टे झाले बे! सारे मायवर गेले!" डोळे पुसत पुसत खुर्चीत बसले. "साऱ्या देशात आता त्या मिशीवाल्याच्या अडकित्त्याचा पोचा फिरन. अन् त्याले पत्ताच नाई!" मंग एकदम हसणं थांबलं. "पिंट्या, त्या आठ नंबरवाल्याले फसवलं ना रे यायनं."

"फसवलं तर फसवलं! तुम्हीच तर शिव्या देत होते."

"शिव्या अलग. बिचाऱ्यानं किती पैसा लावला. त्याले सांगता नाई येत का, का बाबा, तुझ्या हातातली पोरगी आहे, माय नाई?"

नाई सांगता आलं. चांदण्यामागं कोण आहे ते साइट सांगत नाई.

एक घंटी घ्यायचीच ठरली. आता ती इतकी स्वस्त होती की कोणी आडवं आलं नाई. थेट किमतीत भेटत होती, पण जब्बारभाऊ ऐकतात? "बोलीनंच." सगळ्यात खालची बोली लावली, अन् संपायच्या लय आधी उभे राहून पुकारा सुरू केला. या वेळेस डोळे उघडे. दुकानातल्या एकेकाच्या डोळ्यात पाहून घेतलं, माझ्या, पिंट्याच्या, मास्तरच्या, दारात पदर खोचून उभ्या असलेल्या चाचीच्या. दोन पुरा झाला. तीन झाला. मंग बी घड्याळ चालूच होतं. जब्बारभाऊ कंपूटरले म्हणाले, "घे, आता तुझं तू आवर."

घंटी आली, कागदाच्या खोक्यात. जब्बारभाऊनं वाजवली. कान लावून आयकलं. "आवाज भाताच्या गंजाचा आहे," म्हणाले. "पन पोचा माझा आहे." उशाशी ठेवली. दोन दिवसानं चाचीनं पळवली. आता चहा झाला की ती आतून घंटी वाजवते, अन् तीनपर्यंत जब्बारभाऊ नाई आले तर चहा शेजारणीले.

मले नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात नकला करायचं काम भेटलं. सकाळची बस. घरच्यायले मी सांगतलं होतं, स्टँडवर कोणी येऊ नोका, मले रडू येते. आले नाईत. मी खिडकीत बसलो, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, अन् घंटीचा आवाज आला. गंजाचा.

खाली जब्बारभाऊ. खाकी कोट. मागं चाची, हातात डब्बा.

"मानूस पुकारतो, आयकाऽऽ!" सारा स्टँड थांबला. "गावचा एकुलता एक नकल्या! माल सरळ आहे! पन आतून थोडा पोकळ आहे, अन् तोंडाले चीर आहे, बंद होत नाई! नागपूरवाल्यायनं मंग बोंबलाचं नाई, का जब्बारनं सांगतलं नाई! बोली बोला!"

"एक तिकीट!" कंडक्टर दारातून वरडला.

"एक तिकीट, एक वार!"

चाचीनं डब्बा खिडकीतून माझ्या मांडीवर आदळला. बस हलली.

"दोओओओओओ..."

मी खिडकीतून मान काढली. जब्बारभाऊचा हात वर, चेहरा जांभळा होत चाललेला, अन् डोळे सरळ माझ्या डोळ्यात. जसे त्या मिशीवाल्याच्या डोळ्यात होते. बस स्टँडच्या बाहेर पडली, आवाज चालूच. डेपोच्या फाटकावरून गेली, चालूच. जंगल नाक्यावर गार्डनं दांडा वर केला, अन् मले अजून आयकू येऊन राह्यलं होतं, बारीक, लांब, न तुटता.

तीन काही आयकू आला नाई.